एका ‘वं’चा आठवडा

मित्रांनो, ‘जुना’ म्हटलं की लोकांना ताबडतोब भंगारवाला आठवतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो. मी जुना आहे, पण भंगार नाही. मी माईक आहे. नागपूरहून कामठीकडे जाताना रस्त्यापासून थोडी आत, कडुनिंबांच्या मागे आमची शाळा लागते. त्या शाळेचा मी अडतीस वर्षांचा सेवक. निवृत्तीचं वय कधीच उलटून गेलं, पण आमच्यात निवृत्ती नसते. आमच्यात कपाट असतं.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही, कारण जन्मल्या जन्मल्या मला भुसा भरलेल्या खोक्यात घातलं होतं. कान उघडले ते नागपुरात, बर्डीवरच्या एका दुकानात. आमच्या शाळेचे त्या वेळचे मोठे गुरुजी मला पारखायला आले होते. दुकानदार म्हणाला, “बोला काहीतरी.” गुरुजींना काही सुचेना, तेव्हा ते नुसतेच खाकरले. माझ्या आयुष्यात शिरलेला पहिला आवाज हा असा एका मास्तरांचा खाकरा. तो मला आवडला आणि मी तो जसाच्या तसा बाहेर काढला. गुरुजी खूश झाले आणि मला, आवाज मोठा करणाऱ्या माझ्या मशीनला आणि भोंग्याला सायकल रिक्षात घालून शाळेत घेऊन आले.

तेव्हापासून मी काय काय ऐकलं म्हणून सांगू! परिपाठ, प्रार्थना, झेंडावंदन, स्नेहसंमेलनं. पाहुण्यांची भाषणं तर इतकी, की ‘दोन शब्द बोलतो’ असं म्हणणारा माणूस किमान पाऊण तास सोडत नाही हे मी घड्याळ न बघता सांगू शकतो. अशाच एका पाहुण्यांनी बोलण्याच्या भरात मला टेबलावर आपटलं आणि माझं बटण सैल झालं. ते बंद केलं तरी आपणहून घसरून चालूवर येतं. या एका दोषापायी मी पुष्कळ बोलणी खाल्ली. पण आवाजाच्या बाबतीत मला कुणी नाव ठेवू शकलं नाही. भोंग्यातून निघालेली प्रार्थना पार रेल्वेच्या रुळापर्यंत जायची आणि पोट्टे दप्तरं सावरत धावत सुटायचे.

मग दोन वर्षांपूर्वी शाळेत नवा स्पीकर आला. काळा, चाकांवर चालणारा, अंगात लाल-निळे दिवे लुकलुकणारा आणि सोबत बिनतारी माईक. माझी रवानगी सातवीच्या वर्गातल्या कपाटात झाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्या कपाटाचं दार नीट लागत नाही. त्या फटीतून मला वर्ग दिसायचा, ऐकू तर सगळंच यायचं. मित्रांनो, माझ्या अडतीस वर्षांतला सर्वांत मोलाचा आठवडा मला त्या फटीनेच दिला, तोच आज सांगतो.

तो आठवडा फेब्रुवारीतला. सोमवारी सातवीला नव्या मराठीच्या मॅडम आल्या. मिनल चौगुले त्यांचं नाव. वय पंचवीसच्या आत-बाहेर, पहिलीच नोकरी, हातात कोरी वही आणि बोलणं असं, की जणू छापून आणलेलं. पुण्यात शिकून आल्या आहेत, एवढंच पोरांना कळलं होतं. मुख्याध्यापक मधुकरराव सरांनी त्यांची ओळख करून दिली आणि जाता जाता सांगितलं, “शनिवारी पालक मेळावा आहे. सातवीतून एक भाषण द्यायचं आहे. जरा शुद्ध भाषेत होईल एवढं बघा.”

हे ‘शुद्ध’ मॅडमनी फारच मनावर घेतलं. फळ्याच्या एका बाजूला त्यांनी ‘मले, तुले, काहून’ असं लिहिलं आणि दुसऱ्या बाजूला ‘मला, तुला, का’. कुणी “मी लिहून राहिलो” म्हणालं की लगेच “लिहितो आहे” अशी दुरुस्ती. पोरं हसत होती, चुकत होती, पुन्हा म्हणत होती. त्यातली सगळ्यांत बोलकी होती अंजू. या पोरीचा आवाज मला चौथीपासून ठाऊक. प्रार्थना सांगायला आली, की माझ्या जाळीला हनुवटी टेकवून उभी राहायची आणि बेधडक सूर लावायची. मॅडमनाही तिचा आवाज भावला. शनिवारचं भाषण तिलाच द्यायचं ठरलं. मी कपाटात छाती फुगवली, जणू निवड मीच केली होती.

मंगळवारी घोटाळा झाला. मॅडम फळ्यावर भाषण उतरवून देत होत्या आणि अंजू ते वहीत लिहून घेत होती. तास संपत आला, मॅडमनी डस्टर उचललं. लिहिण्यात बुडालेली अंजू मान वर न करता म्हणाली, “थांब नं वं, माहं व्हायचं हाय.”

वर्गात ‘होऽऽ’ असा आवाज उठला. मॅडमचा हात थबकला. त्यांचा चेहरा लालबुंद झालेला मला फटीतून दिसला. शिक्षिकेला ‘थांब’? आणि वर ‘वं’? पहिल्याच नोकरीत, दुसऱ्याच दिवशी, सगळ्या वर्गादेखत!

“मी तुझी मैत्रीण आहे का?” त्या कडाडल्या. “ही काय बोलायची पद्धत झाली? घरी असंच शिकवतात का? उभी राहा.”

अंजू उभी राहिली. आपण काय बोललो, हेच तिला धड कळलं नव्हतं. ‘घरी असंच शिकवतात का’ हे मात्र तिला बरोबर लागलं. तास संपेपर्यंत ती उभी होती. मग बसली, ती तोंडाला कुलूप लावूनच.

मित्रांनो, मी आवाजावर जगणारा प्राणी. शांतता मला ओळखू येते. एक ऐकण्याची शांतता असते आणि एक भीतीची. बुधवारी सातवीच्या वर्गात दुसरी होती. अंजू गप्प, म्हणून तिच्या मैत्रिणी गप्प. मैत्रिणी गप्प, म्हणून मुलं गप्प. मॅडमनी प्रश्न विचारला की ‘हो मॅडम’ नाहीतर ‘नाही मॅडम’. चूक नको म्हणून कुणी तिसरा शब्दच काढत नव्हतं. मॅडमनी गोष्ट सांगून पाहिली, चित्र काढून पाहिलं, शब्दांचा खेळ आणला. चाळीस पोरं शहाण्यासारखी हाताची घडी घालून बसली होती. असा शहाणा वर्ग मी माझ्या हयातीत पाहिला नाही आणि पुन्हा पाहायची इच्छाही नाही.

गुरुवारी सकाळी शाळा भरायच्या आधीच अंजूची आई, सखूबाई, वर्गात आली. ती कळमन्याच्या बाजारात संत्री छाटायच्या, म्हणजे चांगली-वाईट वेगळी करायच्या कामाला जाते. कामावर जाता जाता वाकडी वाट करून आली होती. दारातच चपला काढून उभी राहिली. मॅडमही उभ्या राहिल्या.

“अवं, तुमी काहून उभ्या? बसा नं वं मॅडम,” सखूबाई म्हणाली. मग मॅडमकडे नीट बघून हसली. “तू तं माह्या लहान बहिणीएवढी हायेस वं! अंजू म्हने नव्या मॅडम आल्या, मले वाटलं मोठ्या बाई असतीन.”

मॅडम खुर्चीत बसल्या, पण अशा, की जणू कुणी हलकेच ढकललं.

“पोरगी दोन दिवस झाले बोलतच नाई,” सखूबाई सांगू लागली. “जेवते, झोपते, बोलत नाई. विचारलं तं म्हनते, मले बोलता येत नाई. आता बोलता येत नाई म्हंजे काय वं? ही तं झोपेतबी बडबडते. काही चुकलं असन तं मारा, मॅडम. पन तिले बोलती करा.” एवढं बोलून ती लगबगीने निघून गेली, बाजारात गाड्या लागायची वेळ झाली होती.

शाळेचा शिपाई शालिकराम वर्ग झाडत होता. मॅडमनी त्याला हळूच विचारलं, “शालिकरामभाऊ, हे ‘वं’ म्हणजे नक्की काय?”

“वं?” शालिकराम झाडू टेकून उभा राहिला. “मानसाले ‘गा’, बाईले ‘वं’. माय, बहीन, मैतरीन, जे आपली हाय तिले म्हनतात. परक्या बाईले कोन म्हनन, मॅडम?”

मॅडम खिडकीशी जाऊन बराच वेळ बाहेर बघत उभ्या राहिल्या. मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती, पण ती पाठही पुरेशी बोलकी होती.

त्याच दिवशी दुपारी माझं नशीब उघडलं. नव्या स्पीकरची बॅटरी बसली. लुकलुकणारे दिवे विझले आणि शनिवारच्या मेळाव्यासाठी शालिकरामने मला बाहेर काढलं. धूळ झटकली, मशीन जोडलं, “हॅलो, हॅलो, वन टू थ्री” म्हणून मला मॅडमच्या टेबलावर ठेवलं. माझं बटण त्याने बंद केलं. मशीन जरा गरम होऊ दे म्हणून चालू ठेवून तो जेवायला गेला. पोरं व्हरांड्यात खिचडी खात होती. रिकाम्या वर्गात मॅडम आल्या, बसल्या, त्यांनी घरी फोन लावला. आणि माझं बटण, मित्रांनो, घसरलं.

मी मुद्दाम केलं नाही. शपथ घ्यायला सांगाल तर घेतो.

“आई, मी परत येतो गं,” मॅडम म्हणाल्या आणि कडुनिंबावरचा भोंगा ते सगळ्या मैदानाला म्हणाला. “न्हाई, जेवलोय. रडाय न्हाई लागलो. हितं पोरं माझ्यासंगं बोलंनातच बघ. मीच त्यांचं बोलणं बंद पाडलं. एका पोरीला लई बोललो गं. ती मायेनं बोलली आणि मी तिचं घर काढलं. पुण्यात मला हसत होते, तवा म्हैनाभर तोंड उघडलं नव्हतं मी. आणि आता मीच तसं केलो. अर्ज लिहून ठेवलाय. शनिवारचा कार्यक्रम झाला की देतो आणि येतो.”

मी ऐकतच राहिलो. ही छापील बोलणारी बाई ‘येतो’ म्हणते? ‘बोललो’ म्हणते? गड्यासारखं? बाहेर व्हरांड्यात चाळीस घास हातातच राहिले होते. शालिकराम धावत आला आणि त्याने एकदम वायरच ओढली. मॅडमनी वर पाहिलं. खिडकीत, दारात, जिथे जागा मिळेल तिथे पोरांची डोकी होती. मॅडमना सगळं कळलं आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला त्या क्षणी माझ्या बटणाची फार फार लाज वाटली.

शेवटचा तास त्यांचाच होता. येतील की नाही, मला धाकधूक होती. त्या आल्या. डोळे सुजलेले, पण आल्या. मग मागच्या बाकावरचा दुर्गेश उभा राहिला.

“मॅडम, तुमी जाऊन राहिले का?”

मॅडमच्या ओठांवर दुरुस्ती आली होती. मी पाहिली ना! पण त्यांनी ती गिळली आणि म्हणाल्या, “अजून कुठं गेलोय मी?”

दुर्गेशचे डोळे चमकले. “मॅडम, ‘गेलोय’ नाई! तुमी बाई हा. ‘गेली’ म्हना!”

आणि वर्ग फुटला. दोन दिवसांचं साठलेलं सगळं हसू एकदम बाहेर पडलं. मॅडमही हसल्या. हसता हसता त्यांनी सांगितलं, की त्या पुण्याच्या नाहीतच, कोल्हापूरकडच्या एका खेड्यातल्या आहेत. तिथे बायकाही ‘मी आलो, मी गेलो’ असंच म्हणतात. पुण्याला शिकायला गेल्यावर वसतिगृहातल्या मुली त्यांच्या या ‘आलो-गेलो’वर इतक्या हसल्या, की त्यांनी बोलणंच टाकलं. पुढे घोटून घोटून ही छापील मराठी शिकल्या. मग त्या अंजूच्या बाकाजवळ गेल्या, तिच्या उंचीला येतील एवढ्या वाकल्या आणि सगळ्या वर्गादेखत म्हणाल्या, “अंजू, माझं चुकलं. तुझं नाही आणि तुझ्या घरचंही नाही. माझं.”

मित्रांनो, अडतीस वर्षांत माझ्यासमोर मंत्री बोलून गेले, अधिकारी बोलून गेले, शाळेला जमीन देणारे दाते बोलून गेले. ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. माझ्यात वीज नव्हती, नाहीतर मी ते साऱ्या कामठी रोडला ऐकवले असते. मॅडमचा मला इतका अभिमान वाटला, की नव्या स्पीकरवरचा सगळा राग मी त्या दिवशी सोडून दिला.

पण अंजू बोलली नाही. डोळ्यांत पाणी आलं, मान हलली, शब्द नाही. शुक्रवारी तालमीलाही ती नुसती उभी राहून परत गेली. मधुकरराव सर म्हणाले, “दुसऱ्या मुलीला द्या भाषण. वेळ कुठे आहे आता?” मॅडम म्हणाल्या, “नाव तिचंच राहू द्या, सर. ती नाही बोलली, तर मी सांगेन की माझ्यामुळे बोलली नाही.” त्यांनी स्वतः लिहून दिलेलं ते छापील भाषण मात्र रद्द करून टाकलं. “तुला जे सांगायचं असेल ते सांग,” एवढंच अंजूला म्हणाल्या. त्यांचा अर्ज पर्समध्ये तसाच होता. पर्स टेबलावर माझ्या शेजारीच होती आणि घडी केलेला कागद मला दिसत होता.

शनिवारी मैदान भरलं. कामावर एक तास उशिरा जाण्याची परवानगी काढून आलेली माणसं, कडेवर लहान पोरं घेतलेल्या बाया. सातवीची पाळी आली आणि अंजूचं नाव पुकारलं गेलं. ती आली. माझा दांडा तिने हातात धरला. हात बर्फासारखा गार होता आणि थरथरत होता. एक क्षण गेला, दोन गेले, दहा गेले. मधुकरराव सरांनी पुढे वाकून कुजबुजायला सुरुवात केली, “आदरणीय व्यासपीठ...” मॅडमनी त्यांच्या हाताला हळूच स्पर्श केला. “सर, थांबू या थोडं.”

मला म्हाताऱ्याला अधूनमधून शिट्टी वाजवायची खोड आहे. त्या क्षणी मी ती कशी दाबून धरली, माझं मला माहीत.

“माही माय,” अंजू म्हणाली. भोंग्यातून ते दोन शब्द मैदानावर गेले आणि ती स्वतःच दचकली. मग पुन्हा म्हणाली, “माही माय कळमन्याले संत्रं छाटते.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. अंजू थांबली नाही.

“ढिगात हजार संत्रं असले तरी माय नुसतं हाती घेते आन् सांगते, हे आतून सुकलं हाय. वरून पिवळंधम्मक दिसते, पन ते बाजूले टाकते. मी म्हनलं, तुले कसं समजते वं? तं म्हनते, हाताले हलकं लागते. मी बी घेऊन पाह्यलं. मले नाई समजत. मले वजनाचं गणित येते, पन हे नाई येत. मायले येते. वीस वर्षं झाले ते हे काम करून राहिली.”

आता कुणी हसत नव्हतं. बायांच्या घोळक्यात सखूबाईने तोंडावर पदर घेतला होता.

“माही माय कधी शाळेत येऊन बोलत नवती. बाहेरूनच जाते. म्हनते, मले शुद्ध येत नाई. परवा पह्यल्यांदा आली, माह्यासाठी. आज मी तिले इथं बोलावून राहिली. माय, ये नं.”

सखूबाई यायला तयार नव्हती. शेजारणींनी तिला अक्षरशः ढकलत आणलं. ती माझ्यासमोर उभी राहिली, तेव्हा तिच्या बोटांना संत्र्याच्या सालीचा वास होता. “यात बोलू?” तिने विचारलं आणि तेही मी साऱ्यांना ऐकवलं. लोक हसले, तीही हसली. मग तिने पदर सारखा केला आणि मॅडमकडे वळून म्हणाली, “मॅडम, पोट्ट्यायनं सांगतलं मले. तुमी जाऊ नोका. माहं लेकरू बोललं आज.”

मैदानात अशी शांतता पसरली, की कडुनिंबाचं पान पडलं असतं तरी मी टिपलं असतं. ही शांतता ऐकण्याची होती. मॅडम उठल्या, माझ्यापाशी आल्या. छापील मराठीतलं एखादं सुंदर वाक्य त्यांना सहज सुचलं असतं. पण त्या म्हणाल्या,

“न्हाई जात. मी हितंच राहतो.”

सातवीच्या रांगेतून चाळीस आवाज एकदम ओरडले, “राहते म्हना, मॅडम, राहते!” आणि सगळं मैदान हसत, टाळ्या वाजवत उठलं. तेवढा आवाज माझ्यात मावेना. मी आनंदाने कर्कश शिट्टी वाजवली आणि या वेळी मला कुणी रागावलं नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसलीत तर बरंच आहे, नाही पुसलीत तरी माझी तक्रार नाही. मागणं एकच आहे. माझ्यासमोर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाचा हात कापतो, मोठमोठ्यांचाही. बघणाऱ्यांना ते दिसत नाही, मला दांड्यातून कळतं. म्हणून तुमच्या वर्गात, घरात, कुठेही कुणी धीर करून बोलायला उभं राहिलं, तर त्याचं वाक्य आधी पुरं होऊ द्या. चूक काढायला नंतर उभं आयुष्य पडलेलं आहे.